खोटा गणवेश

कथेच्या तासाला मी वर्गाला एक प्रश्न हमखास टाकते, तोही सगळ्यांचं वाचून झाल्यावर: पुलाखालचं पाणी वेगानं वाहत होतं की संथ? कथा असते अँब्रोझ बिअर्सची ‘ॲन अकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज’. लगेच दोन तट पडतात आणि दोघांनाही पुरावा सापडतो. पहिल्याच वाक्यात पाणी वेगवान आहे. थोडं पुढे ते पायाखालून नुसतं उधळत चाललंय. आणि त्याच परिच्छेदात, लगेच, पाण्यावरून नाचत जाणारं एक वाहून आलेलं लाकूड त्या माणसाला दिसतं आणि प्रवाह एकदम सुस्त, रेंगाळणारा होऊन जातो. नदी तीच, पूल तोच. मधे पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ गेलाय.

हा लेखकाचा हलगर्जीपणा नव्हे. पाण्याचा वेग सांगतो तो निवेदक. सुस्ती जाणवते ती गळ्यात फास अडकवून फळीवर उभ्या असलेल्या माणसाला. निवेदकाच्या तोंडून त्या माणसाच्या डोळ्यांत आपण कधी उतरलो ते कळू नये, अशा बेतानं ती वाक्यं शेजारी बसवलेली आहेत. ‘तो मनाशी म्हणाला’ असं काही नाही, फक्त दोन उद्गारचिन्हं आहेत. दृष्टिकोन बदलला तो तिथं, आणि पुढे जे घडणार त्याची पहिली सूचनाही तिथंच दडलेली आहे: या माणसाचा वेळ आता जगाच्या वेळेपासून सुटलाय. पूर्वसूचन म्हणजे वादळापूर्वी काळे ढग आणि अपशकुनी घुबड, असं समजणाऱ्यांना मी आधी हा परिच्छेद पुन्हा वाचायला लावते.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांचा विरस करणं भाग आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध, उत्तर अलाबामा, रेल्वेचा पूल. उत्तरेकडच्या संघराज्याचे सैनिक एका नागरिकाला फाशी देतायत. फळी सरकते, तो खाली पडतो, दोर तुटतो. तो नदीतून पोहत, गोळ्या चुकवत, जंगल तुडवत दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहोचतो. बायको पायऱ्या उतरून येते, तो तिला मिठीत घेणार इतक्यात मानेवर जबर तडाखा बसतो. शेवटच्या वाक्यात त्याचं प्रेत पुलाखाली हेलकावे खातंय. सुटकेचा सगळा प्रवास फळी सरकल्यापासून मान मोडेपर्यंतच्या वेळात, त्याच्या डोक्यात झालेला.

बिअर्स या युद्धातून गेलेला माणूस. जन्म 1842चा, ओहायोतला. 1861 मध्ये तो इंडियानाच्या नवव्या पायदळ पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाला. पुढे जनरल हेझनच्या हाताखाली त्याच्याकडे भूभागाची पाहणी करून नकाशे काढण्याचं काम आलं. एप्रिल 1862 मधली शायलोची लढाई त्यानं पाहिली. खरा आउल क्रीक त्याच रणांगणाच्या कडेनं, टेनेसी राज्यात वाहतो. तो त्यानं उचलून अलाबामात नेऊन ठेवला. जून 1864 मध्ये केनेसॉ डोंगराजवळ त्याच्या डोक्याला गोळी लागली आणि तो वाचला. ही कथा ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’मध्ये छापून आली ती 13 जुलै 1890ला, म्हणजे जखमेनंतर सव्वीस वर्षांनी. डोक्याला गोळी लागलेल्या माणसानं मरणाऱ्याच्या डोक्यातल्या वेळेवर कथा लिहावी, यातून हवे तेवढे निष्कर्ष काढता येतील. मला जास्त रस आहे तो त्याच्या नकाशे काढण्याच्या सवयीत.

कारण कथेचा पहिला भाग मोजणीदाराच्या वहीसारखा लिहिलेला आहे. पाणी वीस फूट खाली. पुलाच्या दोन्ही टोकांना पहारेकरी. रूळ शंभर यार्ड सरळ जंगलात जातात, मग वळून दिसेनासे होतात. पलीकडच्या काठावर उभ्या ओंडक्यांचा कोट, त्यात बंदुकांसाठी भोकं, आणि पुलावर रोखलेली एक पितळी तोफ. निवेदकाला फक्त दिसतं तेवढंच कळतं. माणूस पस्तिशीचा असावा, कपड्यांवरून मळेवाला वाटतो. सार्जंट पूर्वायुष्यात शेरीफच्या हाताखाली असेल कदाचित. मरणाऱ्याचं नावसुद्धा निवेदक सांगत नाही. या कोरड्या, अंदाज करणाऱ्या आवाजावर आपला विश्वास बसतो. सरकारी कागदावर बसतो तसा. आणि तो विश्वास आपण तिसऱ्या भागात जसाच्या तसा घेऊन जातो. तिथं मात्र आवाज तोच ठेवून डोळे बदललेले असतात.

मुलांना मी नकाशातल्या प्रत्येक वस्तूला पेन्सिलीनं गोल करायला सांगते. पहारेकऱ्यांच्या बंदुका, तोफ, नदी, जंगल: पहिल्या भागात जे जे त्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात होतं, ते ते सगळं तिसऱ्या भागात कामाला येतं. बाहेरचं नवं माणूस एकही येत नाही. स्वप्नाला सामान लागतं आणि ते जवळपासच मिळतं.

याहून धीट गोष्ट म्हणजे फळी सरकण्याआधी तो मनात बेत आखतो. हात मोकळे झाले तर फास काढून पाण्यात उडी घेईन, बुडी मारून गोळ्या चुकवीन, काठाला लागून जंगल गाठीन, घरी जाईन. तिसऱ्या भागाचा अख्खा आराखडाच हा! लेखकानं तो आपल्या हातात दिलाय आणि लगेच निवेदक पुस्ती जोडतो की हे विचार इथं शब्दांत मांडावे लागतायत, त्याच्या मेंदूत ते नुसते चमकून गेले. म्हणजे लिहायला लागणारा वेळ आणि मनाला लागणारा वेळ वेगळा, हेही सांगून झालं. पुढच्याच क्षणी सार्जंट फळीवरून बाजूला होतो. ‘शेवटी फसवलं’ असं म्हणणाऱ्या वाचकाला मी इथं बोट ठेवून दाखवते. सगळे पत्ते उघडे होते, बाई.

तिसऱ्या भागात तर खुणांची रेलचेल आहे. नदीच्या मध्यात, धारेत गरगरत असताना त्याला काठावरच्या झाडांच्या पानांवरच्या शिरा दिसतात, फांद्यांमधे जाळं ताणणारे कोळी दिसतात. पुलावरून नेम धरणाऱ्याच्या डोळ्याचा करडा रंगही दिसतो. काठावरची वाळू म्हणजे हिरे-माणकं. जंगलातला रस्ता शहरातल्यासारखा रुंद आणि सरळ, पण त्यावरून कुणी गेल्याची खूण नाही, कडेला घर नाही, शेत नाही. आकाशातले तारे अनोळखी जुळणीचे. आणि या सगळ्या नवलाईच्या आडून शरीर खरं बोलत राहतं. मान सुजलीय, डोळे मिटत नाहीत, जीभ दातांबाहेर आलीय, पायाखाली रस्ता लागत नाही. फाशी गेलेल्याचं वर्णन आहे हे, तहानलेल्या वाटसरूचं नव्हे. घराच्या फाटकाशी येताच क्रियापदं भूतकाळातून वर्तमानात उडी घेतात. मनाजोगं सगळं आता, या क्षणी घडतंय, आणि क्षण एवढाच उरलाय.

तरीही पहिल्या वाचनात आपण फसतो. का? याचं उत्तर मधल्या, दुसऱ्या भागात आहे. तो बहुतेक जण घाईनं वाचून टाकतात. परीक्षेला ‘पूर्वपीठिका’ असं लिहून मोकळे होतात. मला विचाराल तर कथेचं मर्म तिथंच आहे.

त्या माणसाचं नाव इथं कळतं: पेटन फार्कर. जुन्या, प्रतिष्ठित घराण्यातला मळेवाला, गुलामांचा मालक, दक्षिणेचा कट्टर पाठीराखा. काही कारणानं सैन्यात जाता आलं नाही आणि पराक्रमासाठी हात शिवशिवतायत. एका संध्याकाळी करड्या गणवेशातला, म्हणजे दक्षिणेच्या सैन्यातला, एक घोडेस्वार दाराशी येऊन पाणी मागतो. बोलता बोलता सांगतो की शत्रू रेल्वेमार्ग दुरुस्त करत आउल क्रीकपर्यंत आलाय, पहारा जुजबी आहे, आणि पुराबरोबर आलेला लाकडांचा ढीग पुलाच्या खांबाशी अडकून सुकून खडखडीत झालाय, चटकन पेट घेईल. तासाभरानं तोच स्वार अंधारात उलट, उत्तरेकडे जातो. तो संघराज्याचा हेर होता, हे बिअर्स भागाच्या शेवटी एका छोट्या वाक्यात सांगतो आणि पुढे चालू पडतो.

आता पुन्हा पुलावर या. प्रवाहात नाचत जाणारं ते लाकूड! वाहून आलेल्या ज्या लाकडाच्या आमिषानं फार्कर इथवर आला, त्यातलंच एखादं त्याच्या डोळ्यांसमोरून चाललंय. पहिल्यांदा वाचताना ते आपल्याला नुसतं लाकूड दिसतं.

फार्करनं गणवेश पाहिला आणि हवं होतं ते वाचलं. आपण तिसऱ्या भागाचं निवेदन वाचलं, आवाजाचा ओळखीचा गणवेश पाहिला आणि हवं होतं ते वाचलं. तो सुटावा असं आपल्यालाच वाटत होतं. दुसरा भाग ही आपल्या फसगतीची रंगीत तालीम होती आणि आपण ती प्रेक्षकांत बसून पाहिली.

ही कथा शिकवताना मी शेजारी चंद्रधर शर्मा गुलेरींची ‘उसने कहा था’ ठेवते. ‘सरस्वती’ मासिकाच्या जून 1915च्या अंकातली. फ्रान्स-फ्लँडर्सच्या खंदकांत आपले शिपाई तेव्हा खरोखरच लढत होते. त्यामुळे बिअर्ससारखी दोन तपांची सवड गुलेरींना नव्हतीच. पण सुरुवातीला नाव न सांगण्याची युक्ती तिथंही आहे. अमृतसरच्या बाजारात भेटणारा मुलगा आणि मुलगी बिननावाची येतात. मग पंचवीस वर्षं ओलांडून आपण थेट खंदकात, जमादार लहनासिंगपाशी. दुवा जोडून दाखवत नाहीत. आणि खोटा गणवेश तिथंही कथेच्या मध्यावर आहे: लपटन साहेबाच्या, म्हणजे त्यांच्या लेफ्टनंटच्या वेशात आलेला जर्मन.

फरक असा की लहनासिंग वाचतो. साहेब शेगडीशी सिगारेट पेटवतो आणि थोड्या वेळानं लहनासिंगालाही एक पुढे करतो. शिखाला सिगारेट! लहनासिंग चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. शेगडीच्या उजेडात साहेबाचे केस न्याहाळतो, तर ते कैद्यासारखे बारीक कापलेले. मग तो गेल्या वर्षीच्या शिकारीच्या गप्पा काढतो. साहेब गाढवावर बसले होते, मुसलमान खानसामा देवळात पाणी वाहायला थांबला होता, नीलगायीची शिंगं दोन-दोन फुटांची होती. साहेब सगळ्याला होकार देत जातो. लष्करी घरातल्या एका विद्यार्थिनीनं इथं चटकन सांगितलं, “मॅडम, आमच्याकडे साहेबाला जवानाचं गावसुद्धा पाठ असतं.” सिगारेटची खूण वाचकाला आणि लहनासिंगाला एकाच वेळी मिळते, फक्त तो आपल्याहून चपळ निघतो. बिअर्सकडेही खुणा उघड्यावरच होत्या. पण तिथं पात्रही आंधळं आणि वाचकही.

लहनासिंगाचा शेवटही मरणाऱ्याच्या मनातून येतो. बाजारातली ती मुलगी पुढे सुभेदारीण झाली, तिनं काय सांगितलं होतं ते तेव्हा कुठे कळतं आणि शीर्षकाचा अर्थ लागतो. गुलेरी हे मन उघड करून दाखवतात. मरताना स्मृती स्वच्छ होते असं आधी सांगतात, मधे मधे सोबती वजीरासिंगाकडे पाणी मागायला लावतात, म्हणजे आपण कुठं आहोत हे आपल्याला सतत माहीत असतं. मग एकदम वर्तमानपत्रातली मृतांची यादी. तिथं दृष्टिकोन ना लहनासिंगाचा, ना निवेदकाचा. छापखान्याचा. बिअर्सचं शेवटचं वाक्यही याच जातीचं आहे: नाव, मोडलेली मान, पूल.

रॉबेर एन्रिको या फ्रेंच दिग्दर्शकानं आउल क्रीकवर केलेला लघुपट 1962च्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट लघुपट ठरला, त्याला ऑस्करही मिळालं, आणि 1964 मध्ये तो ‘ट्वायलाइट झोन’ मालिकेत दाखवला गेला. पाहण्यासारखा आहे. पण हेराचा प्रसंग त्यात नाही, आणि तो गाळल्यामुळे शेवटाला नुसता धक्का उरतो. प्रेक्षक फसतो, पण कसा फसला याचा आरसा त्याला मिळत नाही.

दुसऱ्या भागातल्या आणखी एका जागेपाशी मी हल्ली जास्त रेंगाळते. स्वाराला पाणी द्यायला फार्करच्या बाईसाहेब स्वतः उठतात, आपल्या गोऱ्या हातांनी. मुद्दाम स्वतः उठल्या, म्हणजे एरवी दुसरं कुणी उठत असणार. फार्कर गुलामांचा मालक आहे हे निवेदकानं जाता जाता सांगितलेलं असतं, पण कथेत गुलाम एकही दिसत नाही. मरणस्वप्नातल्या त्या लख्ख सकाळच्या घरातही फक्त बायको आहे. आपण जीव मुठीत धरून ज्याच्या सुटकेची वाट पाहिली तो कोण होता, हे एका नजरेला चिकटून राहिल्यामुळे आपण विसरलो. म्हणून मी एक स्वाध्याय देते: त्या संध्याकाळी घरात असलेल्या एखाद्या गुलामाच्या नजरेतून दुसरा भाग पुन्हा लिहा. एका मुलीनं लिहिलं की पाणी आणायला विहिरीवर धाडलेल्या बाईनं स्वाराचं खोगीर पाहिलं, ते दक्षिणेच्या पलटणीतलं नव्हतं. तिनं घागर भरली, बाईसाहेबांच्या हातात दिली आणि मालकाला काहीही सांगितलं नाही.