अर्थिंगचा माग

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद उजळतो. जुन्या गाडीचं हे लक्षण मला मोलाचं वाटतं, कारण ते थेट दोषाकडे नेतं. दिव्यातून गेलेल्या विजेला बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायचं असतं. तिची परतवाट, म्हणजेच अर्थिंग, गाडीच्या पत्र्यातून जाते. पावसाळ्यात दिव्याच्या स्क्रूपाशी गंज चढला की ही वाट अडते आणि वीज शेजारच्या बल्बमधून मार्ग काढते.

लोक आधी बल्ब बदलतात, मग फ्यूज, शेवटी बॅटरीसुद्धा. गाडी बंद असताना 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना 14 च्या आसपास दिसले, तर बॅटरीला सुखाने राहू द्यावं.

आज मल्टीमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या अर्थिंगला लावली. ब्रेक दाबून धरायला लेकीला बसवलं. आकडा शून्याजवळ हवा होता, आला दीड व्होल्ट! स्क्रू काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, पुन्हा आवळून वरून ग्रीस लावलं. आता ब्रेकला फक्त ब्रेकचाच दिवा लागतो. उद्या हेडलाइटचं अर्थिंग. हॉर्न दिला की हेडलाइटही मिणमिणतात.