पिपेटचं तोंड

गेल्या पावसाळ्यात माझ्या अंडपेशी जाग्या होईनाशा झाल्या. शुक्रजंतूशिवाय, नुसत्या स्ट्रॉन्शियमने उंदरीची अंडपेशी उठवायची, हे काम मी 22 वर्षं करतेय. डिशमधल्या जवळपास सगळ्या उठायच्या. आता निम्म्याही उठेनात. मी स्ट्रॉन्शियमची बाटली बदलली, पाणी बदललं, मीडियम तीनदा नव्याने केलं. स्वतःच्या हाताकडे बघायचं सुचलं नाही.

स्ट्रॉन्शियमला आसपास कॅल्शियम खपत नाही. अंडपेशी उचलताना मागून जुन्या मीडियमचं पाणी येतंच, त्यातून कॅल्शियमही. ते किती येणार, हे पिपेटच्या तोंडावर ठरतं. माझा हात थरथरू लागला होता. पेशी फुटू नयेत म्हणून मी नकळत रुंद तोंडाच्या पिपेट ओढत गेले, आणि धुण्याच्या प्रत्येक थेंबात कॅल्शियम नेत राहिले.

माझ्या विद्यार्थिनीने माझंच मीडियम, माझीच बाटली घेतली. सहा तासांनी तिच्या डिशमध्ये पेशीपेशीत प्रोन्युक्लियस, म्हणजे पेशी उठल्याची खूण. "मॅडम, तुमची पिपेट जरा मोठी पडतेय का?" एवढंच म्हणाली. मला राग आला. ज्योतीवर काच ओढण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे ऐकायची मला फार सवय झाली होती.

आता बरेच जण शिळ्या अंडपेशी घेतात. अंडपेशी सुटाव्यात म्हणून उंदरीला दिलेल्या एचसीजी या संप्रेरकानंतर वीस तास उलटले की त्या अर्ध्या जाग्याच असतात, अल्कोहोल लावलं की उठतात. आकडे छान येतात. मला ते पटत नाही. चौदा तासांची ताजी पेशी हट्टी असते. अल्कोहोलने कॅल्शियमची एकच लाट उठते. स्ट्रॉन्शियमने तासन्‌तास, लाटेमागून लाट, शुक्रजंतू उठवतो तशी.

यातून पिल्लू होत नाही. पित्याकडच्या जनुकांवरचा ठसा नसतो, गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास थांबतो. 1984 मध्ये केंब्रिजला अझीम सुरानींनी, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियात मॅकग्रा-सोल्टर यांनी, आई-बाप दोघांचे ठसे लागतात हे दाखवलं. तेव्हा पेशी उठवण्यापलीकडे माझं असं काही उरत नाही. म्हणूनच तिचा प्रश्न इतका लागला.

आज सकाळी तिने ओढलेली पिपेट मागून घेतली. मनगट मायक्रोस्कोपच्या पायाशी टेकवलं, श्वास रोखला. बारा पेशी उचलल्या, दोन फुटल्या. उरलेल्या दहा इनक्युबेटरमध्ये आहेत. सहा तास भरायला अजून चाळीस मिनिटं आहेत.