मातीवरचे शॉकअप : काही टिपणे

कोल्हापूरच्या पोरांना रेसिंगचा नाद लागला तो कार्टिंगमुळे. मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत पोचला. पण कार्टला ना स्प्रिंग, ना शॉकअप. वळणात सांगाडाच पिळतो आणि आतलं मागचं चाक उचलतो. म्हणून डांबरावर तयार झालेला ड्रायव्हर ऑटोक्रॉसला मातीवर उतरला, की शॉकअप त्याला मुळापासून शिकावा लागतो.

*

‘रेसची गाडी, तेव्हा शॉकअप टाइट’ हे डोक्यातून काढावं. कडक शॉकअपवर चाक खड्ड्याखड्ड्याला उडतं. हवेतल्या चाकाला ब्रेकही नाही आणि पिकअपही नाही. मातीवर चाक जमिनीला चिकटून राहणं हाच वेग.

*

गाडी किती झुकणार हे मुख्यतः स्प्रिंग ठरवते. किती वेळात झुकणार, हे शॉकअप. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचा रिबाउंड (दबलेला शॉकअप उघडतानाचा विरोध) थोडा ढिला ठेवला, तर ॲक्सिलेटर दाबताच नाक उठतं, वजन पटकन मागे जातं आणि मागची चाकं माती धरतात. उलट रिबाउंड फार आवळला, तर खडबडीत पट्ट्यावर शॉकअपला पुन्हा उघडायला वेळच मिळत नाही. गाडी धक्क्यागणिक खाली बसत जाते आणि शेवटी शॉकअपच्या टोकाच्या रबरी थांब्यावर, म्हणजे रबरावर, आपटते.

*

जिप्सीला पुढे-मागे पाटे. पाटे एकमेकांवर घासतात, ते घर्षणही गाडीची उसळी मारतं. गंजलेल्या पाट्यांवर केलेलं सेटिंग, पाटे साफ करून ग्रीस लावल्यावर लागू पडत नाही. आधी पाटे, मग शॉकअप.

*

अमेरिकेतल्या मातीच्या ओव्हल ट्रॅकवर गाड्या फक्त डावीकडे वळतात, म्हणून तिथे चारही कोपऱ्यांना वेगवेगळे शॉकअप लावतात. आपल्या ऑटोक्रॉसला डावं-उजवं दोन्ही. तिथला सेटिंगचा तक्ता इथे उतरवू नये; डावा-उजवा जोड सारखाच हवा.

*

पन्हाळ्याकडची तांबडी जमीन वाळली की वर सुटे खडे, खाली कडक. शिरोळकडची काळी ओली असली की टायरच्या नक्षीत भरते. पाणी मारलेला ट्रॅक सकाळी पकड देतो, दुपारी गुळगुळीत होतो. तेव्हा वजन सावकाश हलेल असं सेटिंग करावं लागतं.

*

स्वस्त आणि खात्रीचं मोजमाप: शॉकअपच्या रॉडवर एक केबल टाय आवळायचा. फेरी संपली की तो जिथे सरकला असेल, तिथवर शॉकअप दबला. टाय पार टोकाला गेला असेल, तर गाडी रबरावर बसली. शॉकअपच्या ॲडजस्टरचे क्लिक नेहमी पूर्ण बंद करून मोजायचे, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा.

*

शॉकअप धक्क्याची उष्णता करतो. तेल तापून पातळ होतं. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपात हवा मिसळून फेसही येतो आणि शेवटच्या फेऱ्यांत गाडी डोलू लागते. एका नळीच्या गॅस शॉकअपात दाबाखालचा नायट्रोजन तेलाला फेसाळू देत नाही. फ्रान्सच्या द कार्बन यांची ही १९५० च्या दशकातली रचना.

*

उद्यमनगरात बुश टर्न करून मिळतो, शिरोलीत कास्टिंग होतं. रेसिंगवाल्यांनी इथेच एकत्र येऊन शॉक डायनो, म्हणजे शॉकअपचा जोर मोजणारं यंत्र, उभा करावा. एकाच खोक्यातल्या दोन शॉकअपांचा जोर सारखा आहे का, हे हाताने दाबून कळत नाही. डायनोच्या आलेखावर लगेच दिसतं. महागड्या शॉकअपच्या आधी पैसे घालायचे ते यात.