राजाची पायपीट

२० जानेवारी १९९९. नेदरलँड्समधल्या वाईक आन झे या समुद्रकाठच्या लहानशा गावी, बुद्धिबळाच्या स्पर्धेत गॅरी कास्पारोव्ह आणि वेसेलिन टोपालोव्ह समोरासमोर बसले. एक ३५ वर्षांचा जगज्जेता, दुसरा २३ वर्षांचा बल्गेरियन. डाव गाजला तो कास्पारोव्हच्या नावाने. मी मात्र तो पटावर मांडतो तेव्हा जीव गुंततो काळ्या मोहऱ्यांत.

चोविसाव्या चालीला कास्पारोव्हने हत्तीने डी-४ वरचं प्यादं मारलं. हत्ती उघड उघड मरणाच्या तोंडी. टोपालोव्हने त्याला हात न लावता राजा बी-६ वर सरकवला असता, तर डाव सावरला असता. विश्लेषकांनी पुढे ते दाखवून दिलं. जगज्जेता एवढं मोठं दान देतोय म्हणजे त्यात पेच असणारच, हे का त्याला कळत नव्हतं? तरी त्याने हत्ती मारला. ‘आता दाखव,’ असंच जणू म्हणाला. त्या चालीला छाती लागते.

लगेच दुसरा हत्ती शह देत ई-७ वर येऊन बसला. तो घ्यावा तर थेट मात. मग राजा निघाला. राजा कोपऱ्यात जपायचा, हे आपण पोराटोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. इथे पांढरा वजीर हात धुऊन मागे लागलेला, आणि काळा राजा एक घोडा नि तीन प्यादी मारत, एकेक घर उतरत, शत्रूच्या अगदी शेवटच्या रांगेत डी-१ वर पोचलेला!

आणि तिथे ती छत्तिसावी चाल. शह नाही, मारामारी नाही. कास्पारोव्ह एच-३ वरचा उंट मुकाट्याने एफ-१ वर, त्याच्या मूळ घरी नेतो. उंट आता काळ्या वजिरावर रोखलेला. वजिराने त्याला मारलं, तर तीन चालींत मात. ही चाल पटावर खेळताना आजही माझा हात क्षणभर थांबतो.

चव्वेचाळिसाव्या चालीनंतर टोपालोव्हने डाव सोडला. ती स्पर्धा कास्पारोव्हने जिंकली. आपला विश्वनाथन आनंद अर्ध्या गुणाने मागे राहिला. टोपालोव्हही २००५ साली सान लुईसला जगज्जेता झाला. पण त्याने जिंकलेल्या कितीतरी डावांपेक्षा हा हरलेला डाव मला अधिक त्याचा वाटतो.