बसऱ्याचा पांढरा वाडगा

१/ इस्लामी जगातील मृत्पात्रांमध्ये मला सर्वाधिक ओढ वाटते ती नवव्या शतकातील इराकच्या पांढऱ्या वाडग्यांची. त्या काळी चीनमधील पोर्सेलीन समुद्रमार्गे अब्बासी खिलाफतीत येऊ लागले होते. शुभ्र, पातळ, टिचकी मारताच खणखणणारे. ८३६ ते ८९२ या काळात राजधानी असलेल्या सामऱ्याच्या उत्खननात ही चिनी भांडी आणि त्यांच्या धर्तीवरची इराकी भांडी, दोन्ही मिळाली.

२/ बसऱ्याच्या कुंभारापुढे पेच मोठा होता. पोर्सेलीनला लागणारी केओलिनयुक्त माती त्याच्याजवळ नव्हती. सुमारे १३०० अंश सेल्सिअसची आच देणारी भट्टीही नव्हती. हाती होती ती पिवळसर माती.

३/ माती बदलणे अशक्य होते, म्हणून त्याने तिचे आवरण बदलले. काचेसारख्या झिलईत कथलाचे ऑक्साइड मिसळले की ती पारदर्शक न राहता दुधाळ होते. त्या आवरणाखाली पिवळी माती झाकली गेली.

४/ येथवर हे अनुकरणच. परंतु चिनी वाडग्याचे सौंदर्य त्याच्या कोरेपणात होते. बसऱ्याच्या कुंभाराने त्या शुभ्रतेवर कोबाल्टच्या निळाईने पाने, फुले आणि अक्षरे रेखली. हा रंग झिलईत किंचित पसरतो, म्हणून रेघांच्या कडा आजही ओल्या भासतात. चांदी व तांब्याची संयुगे भाजलेल्या झिलईवर रंगवून, कमी प्राणवायूच्या धुरकट भट्टीत पुन्हा भाजण्याची युक्तीही याच कारागिरांनी मातीच्या भांड्यांवर आणली. त्यातून मातीला धातूची झळाळी लाभली.

५/ अनेक वाडग्यांवर कुफी लिपीत 'बरका' हा शब्द आहे. आपण मराठीत 'बरकत' म्हणतो, तोच हा अरबी शब्द. तो वाचताना हजार वर्षांचे अंतर मला क्षणभर जाणवत नाही. काही वाडग्यांवर 'अमल', म्हणजे 'याची कृती', असे लिहून कारागिराने आपले नावही घातले आहे. स्वतःला निव्वळ नक्कलकार मानणारा आपले नाव कशाला लिहील?

६/ पुढे चौदाव्या शतकात चीनमधील चिंगदेचनच्या भट्ट्यांत निळी-पांढरी भांडी विपुल बनू लागली, तेव्हा त्यांसाठी इराणकडून कोबाल्ट जात असे.

७/ म्हणूनच एखाद्या वस्तूविषयी 'परकीय प्रभाव' एवढेच लिहिलेले मला अपुरे वाटते. त्यातून देणारा कळतो. घेणाऱ्याने काय केले, ते कळत नाही. मित्रहो, असा शेरा वाचाल तेव्हा एवढे अवश्य विचारा: त्या कारागिराजवळ काय नव्हते, आणि त्याने त्यावर कोणता मार्ग काढला?