दूर्वांच्या रानांत आमचें सारथ्य

2024 च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत राहून आलों. अटलांटा शहराच्या उत्तरेस, मोटारीनें तासाभराच्या वाटेवर त्यांचें घर आहे. तेथील माती पाहून आम्ही थबकलोंच. थेट आमच्या कोंकणासारखी तांबडी! घरामागें दोन एकर हिरवळ. वांकून निरखून पाहतों तों ती हरळी निघाली. तेथील लोक तीस बर्म्युडा ग्रास म्हणतात. पण ती आपली दूर्वाच. जिच्या जुडीसाठीं सौभाग्यवती चतुर्थीस मंडईंत पैसे मोजतात, ती येथें पायाखालीं पसरलेली, आणि उन्हाळ्यांत दर आठवड्यास कापावयाची!

चिरंजीवांची कंबर धरली व कापणी अडली. दोन महिने आयतें बसून खाल्लेलें आमच्या मनास टोंचतच होतें. आम्हीं काम अंगावर घेतलें.

हें कापणीचें यंत्र मोठें चमत्कारिक. त्यास सुकाणूचें चाक नाहीं, पायाशीं ब्रेक नाहीं. मांड्यांवर येणारे दोन दांडे, हीच सर्व सत्ता. उजवा दांडा मागच्या उजव्या चाकाचा, डावा डाव्याचा. पुढचीं चाकें हुजऱ्याप्रमाणें नेतील तिकडे जाणारीं. एक दांडा पुढें व दुसरा मागें केला म्हणजे यंत्र जागच्या जागीं गरकन फिरतें. म्हणून त्यास 'झीरो-टर्न' म्हणतात. बसणारा उठला कीं पातीं आपोआप बंद पडतात. तळ्याकडील उतारावर आम्हांस सक्त मनाई होती. कारण ओल्या उतारावर चाकें एकदां घसरलीं म्हणजे दांडे हातांत असून नसल्यासारखे.

"नाना, मुठी आवळूं नका, फुलें धरल्यासारखे धरा," असें म्हणून चिरंजीवांनीं आमच्या हातांवर हात ठेवले. ज्यास आम्हीं हात धरून श्रीकार गिरविण्यास शिकविलें, तो हा!

लहानपणीं आजोळीं आम्हीं बैलगाडी हांकली होती. उजवा कासरा ओढला कीं बैल उजवीकडे. येथेंही उजवा दांडा मागें घेतला कीं यंत्र उजवीकडे. विद्या जुनीच निघाली, आणि दहा मिनिटांत आम्हांस गर्व चढला. इतक्यांत समोर पाइनचें झाड आलें. आम्हीं घाबरून दोन्ही कासरे, म्हणजे दांडे, जोरानें मागें ओढले. बैल असते तर उभे राहिले असते. यंत्र मात्र तितक्याच जोरानें उलटें धांवलें!

"हात सोडा!" चिरंजीव ओरडले. हात सोडतांच दांडे आपण होऊन मधोमध आले व यंत्र थांबलें. खालीं पातीं फिरतच होतीं. मागें वळून पाहिलें. नातीची घसरगुंडी हातभर अंतरावर होती.

नात घरांत होती. सूनबाईंनीं तिला आंत घेऊन दार लावलें होतें, आणि त्यावरून आम्हींच सकाळीं त्यांची थट्टा केली होती. दाराच्या कांचेमागें त्या उभ्या होत्या. बोलल्या कांहींच नाहींत.

पुढील शनिवारीं यंत्र सुरू करण्यापूर्वीं आम्हीं स्वतः जाऊन त्या दाराची कडी दोनदां पाहिली. मग सावकाश, पांथस्थाच्या चालीनें, सबंध हिरवळ कापली. तुळशीच्या कुंडीजवळचा एक पट्टा तेवढा राखून ठेवला. तेथील दूर्वा सौभाग्यवतींनीं चतुर्थीस खुडल्या.