निर्माल्याला मुदतवाढ

ज्या समाजाने घरी आणलेल्या गणपतीलाही ठरल्या दिवशी पाण्याच्या स्वाधीन करण्याची रीत पाळली आणि देवाच्या अंगावरून उतरलेल्या फुलांना निर्माल्य म्हणून आदराने निरोप दिला, त्याच समाजातल्या नववधू आज लग्नातली वरमाला रेझिनच्या पारदर्शक ठोकळ्यात घालून दिवाणखान्यात मांडू लागल्या आहेत. विसर्जनाच्या संस्काराशी हे विसंगत वाटते खरे. परंतु हा ठोकळा घडतो कसा, हे जवळून पाहिले म्हणजे ती विसंगती पुष्कळशी विरून जाते.

ओले फूल रेझिनला वर्ज्य असते. पाकळीत ओलाव्याचा अंश उरला, तर काचेसारख्या त्या स्वच्छ आवरणाच्या आत ती तपकिरी पडून नासते. म्हणून हार हाती आला, की कारागीर बाई प्रथम त्याचा दोरा कापते, गुलाबाच्या पाकळ्या सुट्या करते, निशिगंधाच्या कळ्या वेगळ्या काढते आणि सारे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांत हलक्या हाताने पुरून ठेवते. काही दिवसांनी ते बाहेर निघते, तेव्हा तांबडा गुलाब काळसर झालेला असतो, निशिगंधाची शुभ्रता पिवळटली असते, आणि गंध तर मागमूसही न ठेवता निघून गेलेला असतो. शाबूत राहतो तो आकार. मग चिमट्याने एकेक पाकळी साच्यात मांडून ती बाई हार नव्याने रचते.

यानंतर रेझिन आणि हार्डनर या दोन द्रवांचा संयोग घडवायचा. त्यांचे प्रमाण, मग ते एकास एक असो वा दोनास एक, बनवणाऱ्याने मुक्रर केलेले असते, आणि तेथे अंदाजपंचे कारभार चालत नाही. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवावा, तर ठोकळा कायमचा चिकट राहण्याचीच धास्ती. मिश्रण संथपणे ढवळावे लागते, कारण घाईने हवा शिरते आणि बुडबुडे धरतात. वर आलेले बुडबुडे ज्योतीची धग ओझरती फिरवून फोडायचे. दोन द्रव एकमेकांत मिसळले, की त्यांच्या अंगातूनच उष्णता उपजते. जाड थर एकदम ओतला, तर ती कोंडून ठोकळा पिवळा पडतो, क्वचित तडकतोही, म्हणून थरावर थर, मध्ये धीर. वाफ श्वासात जाऊ नये, द्रव त्वचेला लागू नये, याचा बंदोबस्त वेगळाच. पूर्ण कठीण होण्यास सामान्यतः 24 ते 72 तास लागतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत पृष्ठभागावर तेलकट साय धरते, ती निराळी डोकेदुखी.

या द्रव्याच्या जन्मकाळी फुलांचा विचार कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. पिएर कास्तां हा स्विस रसायनज्ञ 1930 नंतरच्या दशकात कृत्रिम दातांच्या कवळ्यांसाठी साहित्य शोधत असता इपॉक्सी रेझिनपाशी पोहोचला. पुढे 1946 च्या सुमारास सीबा कंपनीने तेच ‘अ‍ॅराल्डाइट’ या नावाने, सांधे जोडण्यासाठी, बाजारात आणले. निसर्गाने मात्र हा उद्योग फार पूर्वीच आरंभिला होता. बाल्टिक किनाऱ्यावरच्या तृणमण्यांत, म्हणजे झाडांच्या गोठलेल्या राळेत, चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे कीटक पंखांच्या शिरांसकट दिसतात; मात्र त्यांतल्या पुष्कळांच्या जागी आत देह उरलेला नसून देहाच्या आकाराची पोकळीच असते.

तात्पर्य, जतन करणाऱ्यालाही विसर्जन चुकत नाही. गळ्यात पडताना गार लागलेला, ओला, सुगंधी हार त्या दाण्यांच्या डब्यातच विसर्जित होतो; भिंतीवर येते ती त्याची पुनर्रचना, आणि तिलाही सूर्यप्रकाश हळूहळू पिवळसर करीत जातो. यात फसवणूक कसलीच नाही. आपण ज्याला आठवण म्हणतो, तीही प्रसंगातला ओलावा ओसरल्यावर, उरलेले तुकडे आपल्या आवडीच्या क्रमाने मांडूनच तयार होते. तेव्हा नववधूने हा ठोकळा हौसेने मांडावा. फक्त त्याला अस्सल समजू नये. अस्सल दस्तऐवज त्या दोघांच्या रोजच्या वागण्यात लिहिला जात असतो, आणि भिंतीवरची नक्कल अस्सलबरहुकूम आहे की नाही, याची रुजुवात संसारालाच वर्षानुवर्षे करावी लागते.